बहुराष्ट्रीय कंपन्यांचे संस्कृतिप्रेम

(एका महाविद्यालयाच्या वाणिज्य मंडळापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



'राष्ट्राराष्ट्रांतील संस्कृतिभेद आणि आंतरराष्ट्रीय व्यापार' हा विषय आपण मला दिला आहे. आपल्या अभ्यासक्रमात या विषयावर एक स्वतंत्र प्रकरण असते आणि त्याचा साचा ठरून गेलेला असतो. अमुक देशात अमुक रंग अशुभ मानतात, तमुक देशात ठरल्या वेळी न पोहोचणे हा अपमान समजतात. एखाद्या कंपनीने अशा गोष्टींकडे दुर्लक्ष केले आणि तिचा माल पडून राहिला. तात्पर्य, परदेशात माल विकावयाचा असेल तर तेथील संस्कृतीचा अभ्यास करावा. हे तात्पर्य खोटे नाही, पण अपुरे आहे. संस्कृती म्हणून नेमके कशाला म्हणावयाचे, ते कोण ठरवितो आणि तसे ठरविल्याने कोणाचा लाभ होतो, हे प्रश्न त्या प्रकरणात विचारलेच जात नाहीत. ते आज आपणांपुढे मांडावेत एवढाच माझा हेतू आहे.

प्रारंभी जे मान्य केले पाहिजे ते मान्य करतो. संस्कृतिभेद ही वस्तुस्थिती आहे आणि समाजवादी विचाराच्या माणसानेही ती नाकारण्याचे कारण नाही. आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. केलॉग ही अमेरिकन कंपनी १९९४ साली भारतात आली आणि तळोजे येथे तिने कारखाना घातला. सकाळी कॉर्नफ्लेक्स थंड दुधात घालून खावेत, अशी तिची शिकवण. आपल्याकडे सकाळचे खाणे गरम असते, दूध तापवून घेण्याची रीत आहे, आणि गरम दुधात पडताच कॉर्नफ्लेक्सचा लगदा होतो. शिवाय किंमत मध्यमवर्गालाही जड जाणारी. नवलाई ओसरल्यावर विक्री मंदावली. कांदेपोहे, उपमा आणि इडली यांची जागा घेणे सोपे नाही हे कंपनीला कळून चुकले आणि पुढे तिला चवी, वेष्टने आणि किमती बदलाव्या लागल्या.

पण या साध्या उदाहरणातही थोडे खोल गेले तर काय दिसते? दूध तापविण्याची रीत आकाशातून पडलेली नाही. सुटे दूध न तापविता नासते, आणि घरोघरी शीतकपाट नसलेल्या देशात ते तापविण्यावाचून गत्यंतर नव्हते. जिला आपण संस्कृती म्हणतो तिच्या मुळाशी पुष्कळदा उत्पन्नाचा, इंधनाचा, पाण्याचा, कायद्याचा असा एखादा रोकडा व्यवहार असतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने संस्कृतीचे नाव ऐकताच तेथे थांबू नये. त्या नावाखाली काय दडले आहे ते उकलून पाहावे.

या विषयात दोन पक्ष प्रसिद्ध आहेत. १९८३ साली हार्वर्डचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांनी बाजारपेठांच्या जागतिकीकरणावर एक गाजलेला लेख लिहिला. तंत्रज्ञानामुळे जगातील माणसांच्या गरजा आणि आवडी एकसारख्या होत चालल्या आहेत. तेव्हा देशोदेशींच्या भेदांचे लाड न पुरविता एकच माल, एकाच रीतीने आणि स्वस्त दरात सर्वत्र विकावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुसऱ्या पक्षाचे प्रवर्तक डच संशोधक खेर्ट हॉफस्टेड. आयबीएम या एकाच कंपनीच्या अनेक देशांतील नोकरवर्गाकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या सुमारे १ लाख १६ हजार प्रश्नावल्यांच्या आधारे त्यांनी १९८० साली चाळीस देशांच्या संस्कृतींची मोजदाद प्रसिद्ध केली. वरिष्ठ-कनिष्ठांतील अंतर लोक कितपत स्वाभाविक मानतात, व्यक्ती मोठी की समूह मोठा, अनिश्चितता कितपत सहन होते, अशा कसोट्यांवर त्यांनी प्रत्येक देशाला गुण दिले. सत्तेचे अंतर मान्य करण्यात भारताला ७७ गुण, जर्मनीला ३५. हे तक्ते आज जगभरच्या व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत शिकविले जातात.

हॉफस्टेड यांचे परिश्रम मोठे होते, आणि देशाच्या सरासरीवरून एखाद्या व्यक्तीचा स्वभाव ठरवू नये, असा इशारा त्यांनी स्वतःच दिला होता. हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु एका कंपनीच्या शहरी, सुशिक्षित नोकरवर्गाची उत्तरे म्हणजे साऱ्या राष्ट्राची संस्कृती कशी? ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ साली नेमका हाच आक्षेप सविस्तर मांडला. तरीही ते आकडे चलनी नाण्यासारखे फिरतच राहिले. पुण्याच्या आणि बंगळूरच्या संगणक कंपन्यांत परदेशी ग्राहकांशी कसे वागावे याचे धडे दिले जातात, त्यात 'भारतीय माणूस वरिष्ठाला नाही म्हणत नाही' हे सूत्र हमखास असते. मित्रहो, रात्री अकरा वाजता परदेशातून आलेल्या कामाला नकार न देणारा तरुण सत्ता-अंतराच्या ७७ गुणांमुळे गप्प बसतो, की त्याच्यामागे संघटना नाही आणि डोक्यावर घराच्या कर्जाचा हप्ता आहे म्हणून गप्प बसतो? पहिले उत्तर दिले तर दोष संस्कृतीचा, म्हणजे कोणाचाच नाही. दुसरे उत्तर दिले तर मालकाला जाब विचारावा लागतो. पहिले उत्तर इतके लोकप्रिय का, हे यावरून कळावे.

या विषयावरील बहुतेक पुस्तकांत येणारे एक उदाहरण मी जरा विस्ताराने घेतो. वॉलमार्ट ही अमेरिकेतील बलाढ्य किरकोळ व्यापारी कंपनी. डिसेंबर १९९७ मध्ये तिने जर्मनीतील वेर्टकाउफ ही २१ दुकानांची साखळी विकत घेतली, पुढल्या वर्षी इंटरस्पार या साखळीची ७४ दुकाने घेतली, आणि अशा ९५ दुकानांनिशी ती जर्मन बाजारात उतरली. जुलै २००६ मध्ये उरलेली ८५ दुकाने मेट्रो या जर्मन समूहाला विकून ती बाहेर पडली. या व्यवहारात तिला सुमारे १ अब्ज डॉलरचा तोटा झाला.

या अपयशाची जी कथा सांगितली जाते ती मोठी रंजक आहे. दुकानातील नोकरांनी दहा फुटांच्या आत आलेल्या प्रत्येक ग्राहकाकडे पाहून हसावे असा कंपनीचा दंडक. जर्मन ग्राहकाला हे हसू आगाऊपणाचे, कधी तर लगट करण्यासारखे वाटले. खरेदी केलेल्या वस्तू पिशवीत भरून द्यावयास माणूस उभा. जर्मन ग्राहकाला आपल्या सामानाला परक्याने हात लावलेला खपेना. सकाळी सर्व नोकरांनी एकत्र जमून कंपनीच्या नावाचा जयघोष करावयाचा; जर्मन नोकरांना ओशाळल्यासारखे झाले. जर्मनीतील पहिल्या प्रमुखाला जर्मन भाषा येत नव्हती. निष्कर्ष: जर्मन संस्कृती निराळी, म्हणून वॉलमार्ट हरली.

या गोष्टी घडल्या नाहीत असे मी म्हणत नाही. पण हसू आणि पिशव्या यांच्या गोष्टी सांगताना काय गाळले जाते ते पाहा. जुलै २००० मध्ये जर्मन कामगार संघटनांनी सामुदायिक वेतनकरारासाठी वॉलमार्टच्या दुकानांत संप घडवून आणला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मनीच्या मक्तेदारी-नियंत्रण कार्यालयाने दूध, लोणी, साखर यांसारख्या वस्तू खरेदीच्या किमतीपेक्षाही कमी दराने विकण्यास वॉलमार्टला आणि तिच्या दोन जर्मन प्रतिस्पर्ध्यांना मनाई केली. धाकट्या दुकानदारांना तोट्याच्या विक्रीने चिरडून मग बाजार ताब्यात घेण्याचा मार्ग त्या देशाच्या कायद्याने अडविला होता. पुढे २००५ साली कंपनीने नोकरांसाठी एक आचारसंहिता काढली. सहकाऱ्यांमधील प्रेमसंबंधांना तीत बंदी होती आणि सहकाऱ्यांच्या गैरवर्तनाची खबर देण्यासाठी एक दूरध्वनी क्रमांक होता. जर्मन कायद्याप्रमाणे कामाच्या ठिकाणच्या शिस्तीचे असे नियम कामगारांच्या निवडलेल्या मंडळाच्या संमतीवाचून लागू करता येत नाहीत. हे मंडळ न्यायालयात गेले. जून २००५ मध्ये वुपर्टालच्या कामगार न्यायालयाने संहितेतील अनेक कलमे अवैध ठरविली. अपिलात ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने प्रेमसंबंधांवरील बंदी ही मानवी प्रतिष्ठेच्या घटनादत्त हक्कालाच बाधक आहे, असा निर्वाळा दिला.

आता विचार करा. तोट्यात विकून स्पर्धकाला मारण्यास मनाई, सामुदायिक वेतनकराराची मागणी, कामगार मंडळाच्या संमतीची अट, या साऱ्याला 'जर्मन संस्कृती' म्हणणे कितपत योग्य? ही त्या देशातील श्रमिकांनी पिढ्यानुपिढ्या झगडून मिळविलेली हक्कांची मिळकत आहे. रंग शुभ मानावा की अशुभ या सदरात तिची गणना करता येणार नाही. आणि केवळ संस्कृतीच आडवी आली म्हणावे, तर दुसरी बाजू पाहा. जर्मनीची आल्डी ही साखळी १९७६ साली अमेरिकेत गेली. तेथे गिऱ्हाइकाने ढकलगाडीसाठी नाणे अनामत ठेवावयाचे आणि आपले सामान आपणच पिशवीत भरावयाचे. अमेरिकन संस्कृतीला हे मानवू नये. पण तिची आज तेथे दोन हजारांहून अधिक दुकाने आहेत. माल स्वस्त मिळाल्यावर अमेरिकन माणसाने पिशवी निमूटपणे भरली. जर्मनीत वॉलमार्टला याच आल्डीपेक्षा माल स्वस्त देता आला नाही, आणि तो स्वस्त देण्याचे तिचे नेहमीचे मार्ग तेथील कायद्याने आणि संघटनांनी मोकळे ठेवले नव्हते. हे सरळ अर्थशास्त्र आहे.

असाच प्रकार आपल्या देशात नुकताच घडला. तमिळनाडूतील श्रीपेरुम्बुदूर येथे सॅमसंग या दक्षिण कोरियन कंपनीचा शीतकपाटे, दूरचित्रवाणी संच आणि धुलाईयंत्रे बनविणारा कारखाना आहे. ९ सप्टेंबर २०२४ पासून तेथील हजारावर कामगारांनी सदतीस दिवस संप केला. पगाराची मागणी होतीच. पण मुख्य मागणी, आमच्या संघटनेला मान्यता द्या, ही होती. अशा संपांच्या वेळी शिष्टजनांत एक भाष्य नेहमी ऐकू येते: कोरियन माणसाची शिस्त निराळी, आपल्या लोकांची वृत्ती निराळी, हा दोन संस्कृतींचा खटका आहे. हे भाष्य करणाऱ्यांनी त्याच वर्षीचे कोरियातील वर्तमान पाहावयास हवे होते. जुलै २०२४ मध्ये खुद्द दक्षिण कोरियात सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचे कामगार कंपनीच्या इतिहासात प्रथमच संपावर गेले होते! संघटना नको हे धोरण कोरियन जनतेचे नव्हते, एका कंपनीच्या मालक घराण्याचे होते. आणि मे २०२० मध्ये त्या घराण्याच्या वारसाने जाहीर क्षमा मागून ते सोडण्याचे वचन दिले होते. श्रीपेरुम्बुदूरच्या संघटनेची नोंदणी अखेर जानेवारी २०२५ मध्ये झाली. येथे खटका कोरियन आणि तमिळ संस्कृतींमध्ये होता काय? त्या दिवसांत कोरियन कामगार आणि तमिळ कामगार एकच मागणी करीत होते आणि दोघांपुढे मालकही एकच होता.

आतापर्यंत मी हक्कांना संस्कृतीचे नाव कसे दिले जाते ते सांगितले. आता नाण्याची दुसरी बाजू. खरीखुरी संस्कृती जेव्हा नफ्याच्या आड येते तेव्हा या कंपन्या तिच्यापुढे नमतात काय? हिऱ्यांच्या व्यापारावर दीर्घकाळ मक्तेदारी गाजविलेल्या डी बिअर्स कंपनीचे जपानमधील कर्तृत्व पाहा. वाङ्निश्चयाच्या वेळी वधूला हिऱ्याची अंगठी देण्याची प्रथा जपानमध्ये नव्हती. युद्धानंतर १९५९ पर्यंत तर तेथे हिऱ्यांच्या आयातीलाही परवानगी नव्हती. १९६७ साली कंपनीने जाहिरातींची मोहीम सुरू केली. त्यांतील तरुणी पाश्चात्त्य पेहरावातल्या, सायकलीवरून फिरणाऱ्या, समुद्रात पोहणाऱ्या, आणि त्यांच्या बोटांत हिरा. हिरा म्हणजे आधुनिकता, हिरा म्हणजे जुन्या बंधनांतून सुटका, हा त्यांचा मथितार्थ. मोहीम सुरू झाली तेव्हा शेकडा पाच जपानी वधूंच्याही बोटात हिऱ्याची अंगठी नसे. १९८१ पर्यंत हे प्रमाण शेकडा साठच्या घरात गेले. चौदा वर्षांत एक 'परंपरा' तयार झाली. शतकानुशतके चालत आलेला आचार जाहिरातीच्या जोरावर एका पिढीच्या आत बदलता येतो, हे या उदाहरणाने सिद्ध केले. संस्कृतीचा आदर करा असे सांगणाऱ्या पुस्तकांतच हे यशही कौतुकाने नोंदविलेले असते, आणि त्यातील विसंगती कोणाला खुपत नाही.

हिरा ही चैनीची वस्तू. तिच्यावाचून कोणाचे प्राण जात नाहीत. पण हेच तंत्र तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीला लावले गेले तेव्हा काय झाले? मातेने मुलाला अंगावर पाजणे ही तर सर्व संस्कृतींना समान असलेली गोष्ट. तिच्याशी स्पर्धा करावयाची म्हणजे मातेच्या मनात स्वतःच्या दुधाविषयीच शंका उत्पन्न करावयाची. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत गुटगुटीत बालकांची चित्रे झळकली, परिचारिकांच्या वेषातील विक्रेत्या प्रसूतिगृहांत फिरू लागल्या, नमुन्याचे डबे फुकट वाटले गेले. फुकटचा डबा संपेपर्यंत आईचे दूध आटलेले असे, आणि मग डबा विकत घेणे भाग पडे. डबा महाग, म्हणून भुकटी कमी आणि पाणी जास्त. पाणी अशुद्ध, ते उकळावयास सरपण नाही. परिणाम अतिसार, कुपोषण आणि मृत्यू. सिसिली विल्यम्स या बालरोगतज्ज्ञ विदुषीने १९३९ सालीच सिंगापूर येथील भाषणात याला खुनाची उपमा दिली होती.

जगाचे लक्ष मात्र १९७४ साली ब्रिटनमधील 'वॉर ऑन वॉन्ट' या संस्थेने पुस्तिका प्रसिद्ध केल्यानंतर गेले. तिच्या जर्मन अनुवादाच्या मथळ्यात स्विस कार्यकर्त्यांनी नेस्लेवर बालहत्येचा थेट आरोप केला, तेव्हा कंपनीने अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९७६ साली बर्नच्या न्यायालयाने त्या मथळ्याबद्दल कार्यकर्त्यांना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड केला खरा, पण त्याबरोबर कंपनीनेही आपल्या जाहिरातीच्या पद्धतींचा फेरविचार करावा असे सुनावले. १९७७ पासून अमेरिकेत बहिष्काराची चळवळ उभी राहिली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा विक्रीला लगाम घालणारी संहिता ११८ विरुद्ध १ मताने संमत केली. ते एक मत अमेरिकेचे होते. भारताने १९९२ साली याविषयी स्वतंत्र कायदा करून जाहिराती, फुकट नमुने आणि डब्यांवरील बालकांची चित्रे यांवर बंदी घातली. २००३ साली तो अधिक कडक केला. माता वाचल्या त्या कायद्याने, चळवळीने आणि डॉक्टरांच्या प्रामाणिक कार्याने. विक्रेत्यांच्या सांस्कृतिक संवेदनशीलतेचा त्यात काही वाटा नव्हता.

हा इतिहास झाला असे कोणी म्हणेल. एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने बालआहार-चळवळीच्या सहकार्याने एक पाहणी प्रसिद्ध केली. तीनुसार नेस्लेच्या सेरेलॅक या बालआहारात भारतात एका वाटणीमागे सरासरी सुमारे २.७ ग्रॅम साखर वरून घातलेली आढळली. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या तशाच आहारात अशी साखर नव्हती. आपण स्थानिक नियमांचे पालन करतो, घटक देशपरत्वे बदलतात आणि भारतातील साखर पाच वर्षांत ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे, असा खुलासा कंपनीने केला. पुढे साखरविरहित प्रकारही बाजारात आणण्याचे तिने जाहीर केले. पण या खुलाशातच आपला मुद्दा आहे. भारतीय बाळाची जीभ जन्मतः जर्मन बाळापेक्षा गोडघाशी नसते. फरक पडतो तो नियमांमुळे आणि ते मागणाऱ्या जनतेच्या जागरूकतेमुळे.

आणखी एक प्रकार राहिला, आणि तो आपणां सर्वांना अंतर्मुख करणारा आहे. कंपन्या काही वेळा स्थानिक संस्कृतीशी खरोखरच जुळवून घेतात. पण संस्कृतीतील कोणत्या भागाशी? हिंदुस्थान लिव्हरने १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' हे गोरेपणाचे मलम बाजारात आणले. आपल्या विवाहविषयक जाहिरातींत 'गोरी, नाकीडोळी नीटस' ही अट पूर्वापार असते. वर्णाचा हा अहंकार जातीशी, हुंड्याशी, स्त्रीच्या अवहेलनेशी जोडलेला आहे. कंपनीने तो निर्माण केला नाही; तिने त्यावर दुकान थाटले. सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, लग्न जुळत नाही, आणि मलम लावताच दैव उघडते, अशा जाहिराती घराघरांत पोहोचल्या. जनवादी महिला संघटनेने हा प्रश्न लावून धरल्यावर २००३ साली काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या, आणि जगभर वर्णद्वेषविरोधी आंदोलन पेटले तेव्हा, २०२० मध्ये, नावातील 'फेअर' हा शब्द गेला. याच संस्कृतीत फुले-आंबेडकरांची समतेची परंपराही होती. संतांनी विठ्ठलाच्या सावळेपणाचे कोडकौतुक केले होते. पण बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्यांना ती संस्कृती आढळली नाही. कारण तिच्यावर मलम खपत नाही. जो कोणी 'भारतीय संस्कृती अशी आहे' म्हणून सांगतो, त्याला कोणाची संस्कृती, सासूची की सुनेची, वतनदाराची की बलुतेदाराची, असे विचारलेच पाहिजे.

येथे आपल्या बाजूनेही एक सावधगिरी हवी. परकीय माल हा संस्कृतीवरील हल्ला आहे, अशी हाक दिली की टाळ्या मिळतात. पण १९७७ साली जनता राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कोका-कोला या देशातून गेली ती संस्कृतिरक्षणाच्या घोषणेमुळे नव्हे. १९७३ च्या परकीय चलनविषयक कायद्यानुसार भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट तिला मान्य नव्हती. तिची गुप्त कृती आणि व्यवहाराचा ताबा भारतीयांच्या हाती देण्यास ती तयार नव्हती. सरकारने कायद्यावर बोट ठेवले. त्या पोकळीत 'थम्स अप' हे देशी पेय वाढले. १९९३ साली धोरण बदलून कोका-कोला परत आली आणि तिने पहिल्याच धडाक्यात तेच पेय विकत घेतले. आज ते अस्सल भारतीय चवीचे म्हणून विकले जाते, त्याचा नफा मात्र अमेरिकन कंपनीचा. देशी चव टिकली, मालकी गेली. केवळ चवीपुरते स्वदेशीपण मानणाऱ्यांची अशी फसगत होते. जे कायद्याने मिळविले होते ते कायदा सैल होताच गेले, हा धडा विसरता कामा नये.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळजण उद्या अशाच कंपन्यांत नोकरी धराल. त्यात कमीपणा काही नाही. पोटासाठी काम करणे हे सन्मानाचेच आहे. पण तुमच्यापुढे जेव्हा एखादा अहवाल येईल आणि त्यात 'स्थानिक संस्कृतीमुळे' असे शब्द असतील, तेव्हा तेथे क्षणभर थांबा. ज्या गोष्टीला संस्कृती म्हटले आहे ती खरोखर लोकांची आवडनिवड आहे, की लोकांनी मिळविलेला हक्क आहे, की गरिबीने लादलेली लाचारी आहे, की दुबळ्यांना दडपणारा पूर्वग्रह आहे? आवड असेल तर तिचा मान राखा. हक्क असेल तर त्याला संस्कृती म्हणून बगल देऊ नका. लाचारी असेल तर तिच्यावर नफा मिळविणे हे पाप आहे. आणि पूर्वग्रह असेल तर त्याला खतपाणी घालण्याऐवजी त्याच्याशी झुंजणाऱ्या माणसांच्या बाजूला उभे राहा. चारही गोष्टींना एकाच शब्दाने संबोधण्यात शास्त्रीयता नाही. त्यात सोय आहे, आणि ती सोय विकणाऱ्याची आहे.

परक्यांची संस्कृती समजून घेऊ नये, असा माझ्या बोलण्याचा अर्थ कृपया कोणी काढू नये. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले, ते एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्याचे वाङ्मय आणि सुखदुःख जाणावे, म्हणून. त्या जाणून घेण्यात विकण्याचा हेतू नव्हता. बरोबरीच्या नात्याची ओढ होती. आंतरराष्ट्रीय व्यापारही बरोबरीच्या नात्याने होऊ शकतो. मात्र त्यासाठी एका देशातील कामगाराला दुसऱ्या देशातील कामगाराचे वेतन किती, त्याला संघटनेचा हक्क आहे की नाही, एका देशातील आईला दुसऱ्या देशात तोच डबा कोणत्या नियमांनी विकला जातो, हे ठाऊक असले पाहिजे. संस्कृतीच्या तक्त्यांइतकेच हे तक्तेही आपल्या अभ्यासक्रमात यावेत. ते तयार करण्याचे काम तुमच्यासारख्या अभ्यासू तरुणांनी हाती घ्यावे, अशी विनंती करतो.